ॲप बोलतं, पण टेबलावरचा फोन मुका

तुमचा प्रश्न मला असा समजला. ऑफिसात चौदा आयपी फोन (नेटवर्कच्या वायरीवर चालणारे टेबल फोन) आहेत, काही नवे, काही जुन्या सिस्टिमचे. क्लाउड टेलिफोनी, म्हणजे इंटरनेटवरून चालणारं फोन एक्स्चेंज, घेतली. कॉम्प्युटरवरचं आणि मोबाइलवरचं ॲप मस्त चालतं. टेबलावरचा एक फोन तुम्ही हाताने माहिती भरून जोडलात. तो ‘रजिस्टर्ड’ दाखवतो, रिंगही वाजते, पण उचलल्यावर समोरच्याचा आवाज येत नाही आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास कॉल आपोआप तुटतो. कोणीतरी राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची नंबरी दारं, उघडायला सांगितलंय. ते उघडायचे का, आणि उरलेले तेरा फोन कसे जोडायचे?

पोर्ट उघडू नका. आणि तेरा फोनांना आज हातही लावू नका. जो एक जोडलाय तो निर्दोष चालेपर्यंत दुसरा खोक्याबाहेर काढायचा नाही. चौदा फोन घाईत जोडून मग चौदा ठिकाणी धावाधाव करणारी मंडळी मी खूप पाहिली आहेत, सुरुवातीच्या दिवसांत मीही त्यातलाच होतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आयपी फोनचा कॉल दोन वेगळ्या वाटांनी जातो. एका वाटेने निरोप जातात: मी अमुक एक्स्टेन्शन, मी इथे आहे, कॉल आलाय, उचलला, ठेवला. ही सिपची वाट, साधारणपणे ५०६० पोर्टवर. दुसऱ्या वाटेने प्रत्यक्ष आवाज जातो, त्याला आरटीपी म्हणतात, आणि त्याची पोर्ट दर कॉलला नव्याने ठरतात. ‘रजिस्टर्ड’ हा शब्द फक्त पहिल्या वाटेबद्दल सांगतो, आणि तेही अर्धवट. दुसऱ्या वाटेची त्यात हमी नसते. म्हणून कोणतीही तक्रार आली की मी पहिल्यांदा एवढंच विचारतो: निरोप अडकलाय की आवाज?

तुमच्याकडे दोन्ही अडकलेत, आणि बहुधा एकाच कारणाने. कॉल किती सेकंदांनी तुटतो ते घड्याळ लावून मोजा. ३२ सेकंद भरले तर निदान जवळजवळ झालंच समजा. फोन उचलला की तो ‘उचलला’ असा निरोप पाठवतो आणि त्याची पोच मिळण्याची वाट बघतो. पोच आली नाही तर तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. सिपच्या मूळ नियमांत, म्हणजे २००२ सालच्या आरएफसी ३२६१ मध्ये, या वाट पाहण्याला मर्यादा आहे: अर्ध्या सेकंदाच्या चौसष्ट पट, म्हणजे ३२ सेकंद. त्यानंतर फोन कंटाळून कॉल सोडतो. म्हणजे पोच भलत्याच पत्त्यावर जातेय, आणि आवाजही तिकडेच जातोय.

पत्ता चुकवतो कोण? दहापैकी नऊ वेळा तुमचाच राउटर. ऑफिसातल्या फोनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता असतो, आणि फोन भाबडेपणाने तोच पत्ता सिपच्या निरोपात लिहितो. क्लाउड कंपनीच्या दाराशी बसलेलं यंत्र, ज्याला एसबीसी म्हणतात, ते यात मुरलेलं असतं. ते निरोपातला पत्ता आणि पाकीट (डेटाचा तुकडा) प्रत्यक्षात जिथून आलं तो पत्ता ताडून बघतं, फरक दिसला की फोन नॅटच्या, म्हणजे खासगी पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणाऱ्या राउटरच्या, आड आहे हे ओळखतं आणि आवाज त्याच वाटेने परत धाडतं जिथून तो आला. सगळं सुरळीत. पण बऱ्याच राउटरांत सिप एएलजी नावाची एक सोय असते. ती म्हणजे पाकीट फोडून आतला पत्ता स्वतःच्या अकलेने बदलणारा पोस्टमन. हेतू चांगला, अक्षर वाईट. तो एक जागा बदलतो, दुसरी विसरतो. मग एसबीसीला वाटतं की फोन थेट इंटरनेटवर आहे, त्याला मदतीची गरज नाही, आणि ते आतल्या चुकीच्या पत्त्यावर आवाज पाठवत बसतं.

ॲप मात्र चालतं, कारण ते ही वाट वापरतच नाही. बहुतेक ॲप ४४३ पोर्टवरून, वेबसाइटसारखीच एन्क्रिप्टेड जोडणी करतात आणि आवाजासाठी चार-पाच वाटा आधी चाचपून बघतात. पोस्टमनला पाकीट फोडताच येत नाही. ‘ॲप चालतं म्हणजे नेटवर्क ठीक, फोनच खराब’ हा निष्कर्ष म्हणूनच फसवा आहे.

तर राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन सिप एएलजी बंद करा. काही ठिकाणी त्याचं नाव ‘सिप हेल्पर’, ‘सिप ट्रान्सफॉर्मेशन’ किंवा नुसतं ‘व्हीओआयपी पासथ्रू’ असतं. बंद केल्यावर राउटर आणि मग फोन, दोन्ही रीस्टार्ट करा. जुन्या जोडण्या राउटरच्या स्मरणात राहतात आणि माणूस उगाच समजतो की काही फरक पडला नाही. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ते बंद करायची सोयच नसेल, तर वळसा आहे: फोनच्या अकाउंटमध्ये ट्रान्सपोर्ट (निरोप नेण्याची पद्धत) उघड्या यूडीपीऐवजी एन्क्रिप्टेड टीएलएस निवडा, पोर्ट ५०६१. निरोप एन्क्रिप्ट झाला की पोस्टमन आंधळा. माझ्या मते आज नवीन जोडणी करताना सुरुवातच टीएलएसने करावी. त्याबरोबर आवाजासाठी एसआरटीपी, म्हणजे एन्क्रिप्टेड आरटीपी, हेही चालू करा, पण तुमची सेवा त्याला पाठिंबा देत असेल तरच. फोनवर ते ‘सक्तीचं’ आणि पलीकडे बंद असलं, तर कॉल लागायच्या आधीच ४८८ असा आकडा दाखवून पडतो.

टीएलएसची एक खोच आहे. सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) तपासायला फोनचं घड्याळ बरोबर हवं. वीज जाऊन आली की काही फोन कित्येक वर्षं मागच्या तारखेला जागे होतात. एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर गाठता आला नाही, तर त्यांच्या लेखी सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नसतं. जुन्या फोनांची अडचण उलटी असते: नवीन रूट सर्टिफिकेट (बाकीची ओळखपत्रं ज्यांच्या भरवशावर तपासतात ती) त्यांच्याकडे नसतात, किंवा टीएलएस १.२ येत नाही. त्यावर फर्मवेअर (फोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट हाच उपाय, आणि फार जुन्या आवृत्तीवरून एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी मारण्याआधी निर्मात्याने मधला टप्पा सांगितलाय का ते बघा.

आता पोर्ट का उघडायचे नाहीत ते सांगतो. फोन स्वतःहून बाहेर जातो आणि परतीचं दार त्याच्यासाठी राउटर आपोआप उघडतो. तुम्ही ५०६० बाहेरून आत फोनकडे वळवलंत, तर इंटरनेटवर रात्रंदिवस सिप सर्व्हर शोधत फिरणाऱ्या स्कॅनरना आयतं दार मिळतं. लक्षण ठरलेलं: रात्री दोनला फोन खणखणतो, स्क्रीनवर १०० किंवा १००१ असा नंबर, उचललं तर शांतता. हे कॉल क्लाउड सेवेतून येतच नाहीत, म्हणून तिच्या कॉल लॉगमध्ये काही दिसत नाही, आणि मग भुताटकीच्या गोष्टी सुरू होतात. फोनमध्ये ‘फक्त आपल्या सर्व्हरकडूनच कॉल घ्या’ अशा अर्थाची सेटिंग असते, ती चालू करा आणि थेट आयपीवरून येणारे कॉल बंद करा. फोनच्या वेब पानाचा ॲडमिन पासवर्ड कारखान्यातला असेल तर तो आजच बदला. त्या पानात शिरलेला माणूस तुमच्या खर्चाने परदेशी कॉल करू शकतो.

आवाज आला, ३२ सेकंदांचं बालंट गेलं, तरी लगेच हुश्श करू नका. त्या फोनला हात न लावता दहा मिनिटं तसाच राहू द्या आणि मग मोबाइलवरून त्यावर कॉल करा. इथे दुसरा, जास्त लबाड दोष पकडला जातो: बाहेर कॉल लागतो, पण आत येणारा कधी वाजतो, कधी थेट व्हॉइसमेलला जातो. माणसं म्हणतात, ‘कधीकधी होतं.’ कधीकधी नाही, हिशेबाने होतं. फोन रजिस्टर होताना साधारण तासाभरासाठी, ३६०० सेकंदांसाठी, नोंद करतो. पण यूडीपीवर राउटर परतीचं दार तेवढा वेळ उघडं ठेवत नाही. काही राउटर अर्ध्या मिनिटात बंद करतात, काही दोन-तीन मिनिटांत. म्हणून आत्ताच कॉल केलेल्या फोनवर येणारा कॉल वाजतो आणि निवांत बसलेल्या फोनवर वाजत नाही. फोनमध्ये ‘कीप अलाइव्ह’ (दार उघडं ठेवणारे छोटे निरोप) चालू करून २० ते २५ सेकंदांवर ठेवा. टीसीपी (जोडणी धरून ठेवणारी पद्धत) किंवा टीएलएसवर दार जास्त वेळ उघडं राहतं, तरी कीप अलाइव्ह असू द्या. राउटर फारच साधा असेल तर चौदाही फोन आतून ५०६० हेच पोर्ट वापरतात म्हणून तो गोंधळतो. तेव्हा प्रत्येक फोनला वेगळं लोकल पोर्ट द्या: ५०६२, ५०६४ असं पुढे. कॉल नेमका पंधरा किंवा तीस मिनिटांनी तुटत असेल, तर तो सेशन टायमरचा, म्हणजे चालू कॉल ठरावीक वेळाने नव्याने पक्का करण्याचा, मामला. मधल्या नूतनीकरणाचा निरोप कुठेतरी हरवतोय, म्हणजे पुन्हा पहिलीच वाट.

अकाउंटमध्ये काय भरायचं यावर फार लिहीत नाही, पण तीन रकान्यांत नेहमी घोळ होतो. डिस्प्ले नेम म्हणजे स्क्रीनवर दिसणारं नाव, काहीही चालतं. यूजर नेम म्हणजे बहुधा एक्स्टेन्शन. ऑथेंटिकेशन नेम वेगळंच असू शकतं, आणि सिपचा पासवर्ड हा तुमच्या पोर्टलच्या लॉगिनचा पासवर्ड नव्हे. सर्व्हरच्या जागी कंपनीने दिलेलं डोमेन नावच लिहा, कोणी पिंग करून काढलेला आयपी नको. तो उद्या बदलतो. आउटबाउंड प्रॉक्सी (निरोप आधी ज्याच्याकडे जातात तो सर्व्हर) दिला असेल तर तो रकाना रिकामा सोडू नका. लॉगमध्ये पहिल्या प्रयत्नाला ४०१ दिसला तर घाबरू नका, ती सर्व्हरची ‘ओळख पटवा’ म्हणण्याची रीत आहे आणि प्रत्येक निरोगी फोनला ती दिसते. ४०३ आला तर मात्र नाव किंवा पासवर्ड चुकलाय, किंवा ते एक्स्टेन्शन ॲपपुरतंच दिलंय आणि टेबल फोनचा परवाना घ्यायचा राहिलाय. ४०८ म्हणजे उत्तरच आलं नाही. मग फायरवॉल बघा.

हा एक फोन दोन दिवस विनातक्रार चालला की तेरांकडे वळा. आणि ते हाताने भरू नका. तेरा वेळा तीस अक्षरी पासवर्ड टाइप करताना एखादा चुकतोच. क्लाउडच्या पोर्टलमध्ये फोनचा मॅक पत्ता (कारखान्यात ठरलेला त्याचा ओळख क्रमांक) आणि मॉडेल नोंदवा. मॅक फोनच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो, बारा अक्षरी. पोर्टल त्या फोनची कॉन्फिग फाइल (सगळ्या सेटिंगची फाइल) तयार ठेवतं आणि फोन सुरू झाला की ती ओढून घेतो. ती कुठून ओढायची, हे फोनला तीन तऱ्हांनी कळतं: तुम्ही वेब पानावर पत्ता लिहिता, डीएचसीपीच्या (फोनला आयपी पत्ता वाटणारी सोय) ऑप्शन ६६ मधून मिळतो, किंवा कारखान्यातून निघालेला कोरा फोन निर्मात्याच्या सर्व्हरला विचारतो आणि तो सर्व्हर त्याला तुमच्या सेवेकडे धाडतो.

जुन्या सिस्टिमचे फोन तुम्ही पुन्हा वापरताय, तेव्हा दोन सापळे याच ठिकाणी आहेत. एक, जुनी सिस्टिम लावणाऱ्याने डीएचसीपीमध्ये ऑप्शन ६६ टाकलेला असतो आणि तो कोणाच्या लक्षात नसतो. तुम्ही फोन रीसेट करता, तो उठतो, इमानाने त्या मेलेल्या सर्व्हरचं दार ठोठावतो आणि ‘अपडेट होत आहे’ वर अडकतो. रीसेटआधी डीएचसीपी तपासा. दोन, फोन निर्मात्याच्या त्या सर्व्हरवर अजून जुन्या सेवेच्या नावावर असतो. कितीही वेळा रीसेट करा, तो जुन्या घरीच जातो आणि तिथला ॲडमिन पासवर्ड पुन्हा लावून घेतो. तो मॅक जुन्या कंपनीनेच सोडायला हवा. त्यांना जुन्या फोनांच्या सगळ्या मॅकची यादी एकाच पत्रात पाठवा, आणि करार संपायच्या आधी पाठवा. नंतर उत्तर मिळायला फार चिकाटी लागते.

काही फोन मात्र कितीही सज्जनपणे वागवले तरी जुळणार नाहीत. सिस्कोच्या ७८०० आणि ८८०० मालिकेतले फोन दोन जातींच्या फर्मवेअरसह येतात. एंटरप्राइझ जातीचे त्यांच्याच कॉल मॅनेजरसाठी (सिस्कोची स्वतःची फोन सिस्टिम) असतात, मल्टिप्लॅटफॉर्म जातीचे इतर सिप सेवांना चालतात. बाहेरून सारखेच दिसतात. एकातून दुसऱ्यात जायला परवाना लागतो आणि अगदी जुन्या मॉडेलांना तो मार्गही नाही. म्हणून सेवेची ‘चालणाऱ्या फोनांची यादी’ आणि तुमच्या फोनांचं फर्मवेअर आधी शेजारी ठेवून बघा. यादीबाहेरचा फोन चालतो बऱ्याचदा, पण त्याचं दुखणं कोणी आपलं मानत नाही.

प्रोव्हिजनिंगचा, म्हणजे कॉन्फिग फाइल ओढण्याचा, पत्ता एचटीटीपीएसने सुरू होतोय ना, तेही बघा. त्या फाइलमध्ये सिपचा पासवर्ड उघडा असतो. टीएफटीपी ही फाइल पाठवण्याची साधी पद्धत तर कोणीही मागेल त्याला फाइल देते. मॅकची पहिली सहा अक्षरं निर्मात्याची ठरलेली असतात, उरलेली सहा एकेक करून आजमावणारे प्रोग्राम आहेत. फाइलसाठी वेगळं नाव-पासवर्ड मागत नसलेली सेवा मला आवडत नाही.

वायरिंगकडे येऊ. पीओई स्विच, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारा, असेल तर फोनला वेगळा अडॅप्टर नको. ८०२.३एएफ प्रमाणानुसार स्विच एका पोर्टवर (इथे वायरीचं सॉकेट) १५.४ वॉट देतो, वायरीतली गळती धरून फोनपर्यंत १२.९५ पोहोचतात. साध्या टेबल फोनला ते भरपूर आहे. बघायचं ते स्विचचं एकूण बजेट, कारण सगळ्या पोर्टना एकाच वेळी पूर्ण वॉट देण्याइतकी ताकद बऱ्याच स्विचांत नसते. स्विच आणि राउटर यूपीएसवर घ्या, नाहीतर वीज गेली की चौदाही फोन एकदम झोपतात.

फोनच्या मागे दोन सॉकेट असतात, एक भिंतीकडे आणि एक कॉम्प्युटरसाठी. फोन १०० एमबीपीएसचा असेल तर त्याच्या पाठून जोडलेला कॉम्प्युटरही तेवढाच चालणार. ‘नवीन फोन आल्यापासून नेट मंद झालं’ ही तक्रार इथून येते. आणि दोन्ही वायरी भिंतीत खुपसू नका. हसू नका, एका ऑफिसात टेबलं हलवताना कोणीतरी लोंबकळणारी वायर दिसली म्हणून नीटनेटकेपणाने रिकाम्या सॉकेटमध्ये घातली. नेटवर्कमध्ये लूप झाला, पाकिटं गोल गोल फिरत राहिली, स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत लुकलुकायला लागले आणि पूर्ण मजला बंद. मला ती वायर सापडायला सकाळचे तीन तास गेले. तेव्हापासून स्विचवर लूप प्रोटेक्शन चालू केल्याशिवाय मी फोन लावत नाही.

व्हॉइससाठी वेगळा व्हीलॅन (त्याच वायरींवरचं वेगळं नेटवर्क) करावा का? चौदा फोनांना पहिल्या दिवशी गरज नाही, असं माझं मत. नीट केला तर उत्तम, एलएलडीपी या स्विच-फोनच्या आपसातल्या निरोपांमधून स्विच फोनला व्हीलॅनचा नंबर स्वतःच सांगतो. अर्धवट केला तर मात्र फोन जुना नंबर लक्षात ठेवतो, दुसऱ्या टेबलावर नेला की त्याला आयपीच मिळत नाही. सगळं स्थिरावल्यावर करा.

इंटरनेटच्या वेगाची काळजी लोक चुकीच्या जागी करतात. जी.७११ या नेहमीच्या कोडेकमध्ये (आवाजाचे आकडे करण्याची पद्धत) आवाज ६४ केबीपीएस, दर सेकंदाला ५० पाकिटं, प्रत्येकावर ४० बाइटचं वेष्टण, म्हणजे एका कॉलला एका दिशेने ८० केबीपीएस, इथरनेट धरून ८७ च्या आसपास. चौदाही जण एकदम बोलले तरी सव्वा एमबीपीएस. खरं दुखणं रांगेचं असतं. कोणी मोठी फाइल अपलोड करायला लावली की राउटरच्या दारात पाकिटांची रांग लागते आणि आवाजाची पाकिटं तिच्यात उभी राहतात. तुम्हाला समोरचा स्पष्ट ऐकू येतो, त्याला तुम्ही तुटक, हे अपलोड तुंबल्याचं पक्कं लक्षण. राउटरवर अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली ठेवा आणि आवाजाला, म्हणजे डीएससीपी ४६ खूण असलेल्या पाकिटांना, आधी जाऊ द्या. ही खूण बाहेर इंटरनेटवर कोणी मानेल याची खात्री नाही, पण रांग तुमच्याच दारात लागते, म्हणून तिथे लावणं पुरतं. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर माणसं एकमेकांचं बोलणं तोडत नाहीत.

कोडेकच्या यादीत जी.७२२ सगळ्यात वर ठेवा, ऑफिसातल्या ऑफिसात आवाज ठसठशीत येतो, आणि त्याच्या खाली जी.७११. बाकी काढून टाकलेत तरी चालेल. बँकेच्या आवाजी मेन्यूत ‘एक दाबा’ म्हटल्यावर दाबून उपयोग होत नसेल, तर डीटीएमएफची, म्हणजे बटणांचे आवाज पाठवण्याची, पद्धत आरएफसी २८३३ वर ठेवा. नवीन पानांवर तेच ४७३३ म्हणून लिहिलेलं असतं. कोण बोलतंय ते दाखवणारी दिव्यांची बटणं खूप लावलीत, तर त्यांचे निरोप इतके लांब होतात की यूडीपीवर तुकडे पडतात आणि दिवे अडकून राहतात. टीएलएस घेतलंत तर हा प्रश्न पडत नाही.

आपत्कालीन नंबरासाठी पोर्टलमध्ये प्रत्येक फोनचा पत्ता नोंदवायची सोय असेल तर ती भरा, आणि फोन दुसऱ्या जागी हलवला की पत्ताही बदला. टेबल फोन घरी नेणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

एवढं करूनही पहिला फोन अडला, तर ‘आवाज येत नाही’ एवढंच लिहून सपोर्टला तिकीट टाकू नका. कॉलची वेळ सेकंदासकट, कोणाकडून कोणाला, आणि सिप लॉगमधला कॉल-आयडी द्या. बऱ्याच फोनांच्या वेब पानावर पॅकेट कॅप्चरचं बटण असतं: सुरू करा, एक कॉल लावा, बंद करा, फाइल उतरवा. त्यात फोनने पाठवलेल्या निरोपात आवाजासाठी कोणता पत्ता लिहिलाय ते बघा. तो १९२.१६८ चा दिसणं बरोबरच आहे. मग सपोर्टला विचारा की त्याच कॉल-आयडीचा निरोप त्यांच्याकडे पोहोचला तेव्हा त्यात कोणता पत्ता होता. दोन्ही सारखे असतील तर शोध त्यांच्या बाजूला घ्यायला सांगा. वेगळे असतील, तर पाकीट मधे कोणीतरी फोडलंय. एएलजी बंद केल्याची खूण राउटरच्या पानावर दिसत असली तरी पुन्हा तिथेच जा. काही राउटर फर्मवेअर अपडेट झालं की ती सोय गुपचूप परत चालू करतात.